विज्ञानकथांतील खलपुरुषांचीं नांवें

गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट. आमच्या नववीच्या वर्गांतील एक विद्यार्थी सायकलवरून पडला व त्याच्या कपाळाला सात टांके घालावे लागले. आठवड्यानें तो शाळेंत आला, तेव्हां मागच्या बांकावरून आवाज उठला, "आला रे आला, फ्रँकेनस्टाइन आला!" सारा वर्ग हंसला. मी त्या वेळीं फळ्यावर समासाचीं उदाहरणें लिहीत होतों. मागें वळून मीं मोठ्या गांभीर्यानें सांगितलें कीं, फ्रँकेनस्टाइन हें त्या राक्षसाचें नांव नसून त्याला घडविणाऱ्या तरुण विद्वानाचें नांव आहे. पुष्कळ वर्षें शिकविल्यानें जडलेली ही खोड! चूक दुरुस्त झाली, वर्ग शांत झाला आणि मी पुन्हां समासांकडे वळलों. तास संपल्यावर तो मुलगा टेबलापाशीं येऊन उभा राहिला.

"सर, मग त्या राक्षसाचं नांव काय?"

"त्याला नांवच नाहीं."

"का?"

मधली सुट्टी झाली होती. "पुढें सांगेन," असें म्हणून मी निघून गेलों. पुस्तकांतील चूक मीं सुधारली होती, मुलाला मात्र होता तसाच बसूं दिला होता, हें मला सायंकाळीं घरीं जातांना उमगलें. त्याच्या त्या 'का'चें उत्तर शोधतां शोधतां मी विज्ञानकथांतील इतर दुष्ट पात्रांच्या नांवांपर्यंत जाऊन पोंचलों. त्यांतून जें हातीं लागलें तें विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहें.

नांवांचा अर्थ लावण्याची संवय आपल्याकडे जुनीच आहे. रावण म्हणजे आक्रोश करावयास लावणारा. दुर्योधन म्हणजे ज्याच्याशीं युद्ध करणें कठीण असा. पौराणिक नांव बहुधा त्या पुरुषाचा स्वभाव किंवा पराक्रम सांगतें. विज्ञानकथा ही मात्र यंत्रें आणि प्रयोगशाळा यांच्या युगांत जन्मलेली, गेल्या सुमारें दोनशें वर्षांतली. तिच्यांतील दुष्टांचीं नांवें वाचतांना मला निराळेंच कांहीं दिसलें. त्यांतील उत्तम नांवें त्या दुष्टावर आधीं झालेला अन्याय सांगतात; आणि हलकीं नांवें, तीं ठेवणाऱ्याचें मन कसें होतें तें सांगतात.

प्रथम त्या निनांवी राक्षसाकडेच वळूं. मेरी शेली या इंग्रज लेखिकेनें ही कादंबरी १८१६ च्या उन्हाळ्यांत जिनीव्हा सरोवराच्या कांठीं लिहावयास घेतली, तेव्हां तिचें वय अवघें अठरा वर्षांचें होतें. पुस्तक १८१८ च्या जानेवारींत लंडन येथें प्रसिद्ध झालें, आणि मौज अशी कीं त्यावर लेखिकेचेंहि नांव नव्हतें. 'फ्रँकेनस्टाइन' हा शब्द जर्मन आहे. 'स्टाइन' म्हणजे दगड अथवा खडक, आणि 'फ्रँक' हें एका प्राचीन जर्मन जमातीचें नांव. जर्मनींतील डार्मस्टाट शहराजवळ टेकडीवर याच नांवाचा एक जुना किल्ला आहे. लेखिका १८१४ सालीं ऱ्हाईन नदीनें त्या प्रदेशांतून गेली होती, म्हणून नांव त्या किल्ल्यावरूनच सुचलें असावें, असा कित्येकांचा तर्क आहे. नायकाचें पहिलें नांव व्हिक्टर, म्हणजे विजेता. हें नांव कोठून आलें याचा धागा अधिक जवळचा आहे. कवि शेली, जो पुढें या लेखिकेचा पति झाला, त्यानें १८१० सालीं आपल्या बहिणीसह काढलेल्या काव्यसंग्रहावर स्वतःचें टोपणनांव 'व्हिक्टर' असेंच घातलें होतें.

आतां या विजेत्याचा विजय पहा. तो मृतांचे अवयव जमवून एक देह जोडतो, त्यांत प्राण घालतो, आणि त्या देहानें डोळे उघडतांच त्याच्या रूपाला भिऊन खोलीबाहेर पळ काढतो. बापच पळाला, मग नांव ठेवणार कोण? बारसें असो कीं बाप्तिस्मा, नांव ठेवणें म्हणजे हें मूल आमचें आहे असें चारचौघांत कबूल करणें होय. व्हिक्टरनें तें कधींच कबूल केलें नाहीं. सबंध पुस्तकांत त्या प्राण्याला राक्षस, सैतान, अशा हांका मारलेल्या आहेत; पण तीं नांवें नव्हेत, शिव्या आहेत. तो बिचारा एका झोंपडीच्या आडोशाला लपून, आंतलें बोलणें ऐकून भाषा शिकतो, मिल्टनचें महाकाव्य वाचतो आणि त्यांतील आदामाशीं स्वतःची तुलना करतो. आदामाला निदान नांव तरी होतें! त्याचे हात पुढें रक्तानें माखतात हें खरें, पण आरंभापासून तो दुष्ट नव्हता, हें लेखिकेनें स्पष्ट दाखविलें आहे.

१८२३ सालीं लंडनमध्यें या कथेवर नाटक झालें. पात्रांच्या छापील यादींत राक्षसाच्या नांवाच्या जागीं नुसत्या रेघा होत्या. मेरी शेली तें नाटक पाहावयास गेली होती व ही युक्ति आपणांस आवडल्याचें तिनें एका पत्रांत लिहिलें आहे. पुढें १९३१ च्या प्रसिद्ध चित्रपटांत, आरंभीं येणाऱ्या यादींत, राक्षसाच्या भूमिकेपुढें नटाच्या नांवाऐवजीं प्रश्नचिन्ह घातलें गेलें. परंतु लोकांना रिकामी जागा सहन होत नाहीं. त्यांनीं बापाचें नांव उचलून मुलाला देऊन टाकलें. माझ्या वर्गांत झाली ती चूक अशी शंभराहून अधिक वर्षें जगभर होत आली आहे. आणि खरें सांगावयाचें तर आतां मला ती तितकीशी चूक वाटत नाहीं. मुलानें बापाचें नांव लावावें ही आपली रीतच आहे. जें बापानें दिलें नाहीं तें वाचकांनीं दिलें, एवढेंच.

ज्याला नांव मिळालें नाहीं असा हा एक. स्वतःचें नांव टाकून देणारा दुसरा एक आहे, आणि तो तर आपल्याच देशाचा निघाला. ज्यूल व्हर्न या फ्रेंच कादंबरीकाराची समुद्राखालील प्रवासाची कादंबरी १८६९–७० मध्यें क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्यांतील कप्तान नेमो आपल्या पाणबुडीनें जहाजें बुडवितो आणि हातीं लागलेल्या माणसांना जन्माचे कैदी करून ठेवतो. त्याला खलपुरुष म्हणावें किंवा नाहीं याविषयीं वाद होईल. बुडालेल्या खलाशांच्या बायकामुलांना विचारलें तर मात्र वाद होणार नाहीं. 'नेमो' या लॅटिन शब्दाचा अर्थ 'कोणी नाहीं'. होमरच्या महाकाव्यांत ओडिसियस हा एकाक्ष राक्षसाच्या गुहेंत सांपडतो, तेव्हां तो आपलें नांव 'कोणी नाहीं' असें सांगतो. पुढें राक्षसाचा डोळा फुटतो आणि तो ओरडतो कीं मला 'कोणी नाहीं' मारीत आहे. तें ऐकून मदतीला आलेले शेजारी परत जातात! ग्रीक भाषेंतला तो शब्द लॅटिनमध्यें नेला कीं 'नेमो' होतो.

व्हर्नच्या मनांत प्रथम हा कप्तान पोलंडचा होता. १८६३ सालच्या पोलिश उठावांत रशियनांनीं ज्याचें घरदार नष्ट केलें असा एक सरदार, अशी त्याची कल्पना होती. परंतु प्रकाशक हेत्झेल याला रशियांतील वाचक गमवावयाचे नव्हते. त्यामुळें नेमोचा देश पहिल्या पुस्तकांत सांगितलाच गेला नाहीं. 'कोणी नाहीं' हें नांव असें व्यापाराच्या सोयीलाहि उपयोगी पडलें. पुढें 'गूढ बेट' या १८७५ सालीं पुऱ्या झालेल्या कादंबरींत मरणशय्येवरील नेमो आपली ओळख सांगतो. तो बुंदेलखंडांतील एका राजाचा मुलगा, राजपुत्र डक्कर. १८५७ च्या उठावांत तो इंग्रजांविरुद्ध लढला व त्यांत त्याची बायकामुलें, राज्य, सर्व कांहीं गेलें.

बुंदेलखंड म्हटलें कीं मराठी वाचकास छत्रसाल व बाजीराव आठवतात, आणि १८५७ म्हटलें कीं झांशी. त्यामुळें हें वाचून आपला ऊर भरून येतो. परंतु व्हर्नचें भारताचें ज्ञान बेताचेंच होतें, हेंहि सांगितलें पाहिजे. डक्कर हा त्यानें टिपू सुलतानाचा भाचा किंवा पुतण्या ठरविला आहे. टिपू १७९९ मध्यें श्रीरंगपट्टण येथें पडला. बुंदेलखंडाच्या हिंदु राजाशीं त्याचें असें नातें जुळविणें कठीणच. 'डक्कर' हें नांवहि आपल्या कोणत्या भाषेंतलें म्हणावें हा प्रश्नच आहे. पण नांव खोटें असलें तरी दुःख खोटें नाहीं. ज्याचें राज्य, कुटुंब व देश गेला, त्यानें नांवहि समुद्रांत टाकून दिलें, ही कल्पना व्हर्नला सुचली, यासाठीं त्याला भूगोलाच्या व इतिहासाच्या कितीहि चुका माफ कराव्यात असें मला वाटतें.

तिसरें नांव आपण सर्वजण रोज उच्चारतों, पण तें एका नाटकांतल्या बंडखोरांचें आहे हें थोड्यांनाच ठाऊक असतें. तें नांव 'रोबोट'. कारेल चापेक या चेक लेखकाचें 'आर्. यू. आर्.' हें नाटक १९२० सालीं छापलें गेलें व जानेवारी १९२१ मध्यें प्रागच्या रंगभूमीवर आलें. त्यांत एक कारखाना कृत्रिम कामकरी तयार करतो. ते लोखंडाचे नसून मांसासारख्या पदार्थाचे आहेत. आपल्या डोळ्यांपुढें येणारा पत्र्याचा यंत्रमानव नंतरचा. या कामकऱ्यांना काय म्हणावें हें चापेकला सुचेना. लॅटिनवरून 'लाबोरी' असें म्हणावें, असें त्याच्या मनांत होतें, पण तें त्याला पुस्तकी वाटलें. त्याचा भाऊ योसेफ हा चित्रकार. तो चित्र काढीत होता व कुंचला तोंडांत धरलेला होता. कुंचला न काढतांच तो पुटपुटला कीं, मग 'रोबोट' म्हण. ही हकीकत कारेलनें स्वतःच १९३३ मध्यें लिहिली व शब्दाचें श्रेय भावाला दिलें. भावाभावांत असा न्याय क्वचितच होतो.

चेक भाषेंत 'रोबोता' म्हणजे वेठ. जमीनदाराच्या शेतावर कुळानें आठवड्यांतील ठराविक दिवस मोबदल्यावांचून राबावयाचें, ही पद्धत त्या देशांत १८४८ पर्यंत कायद्यानें चालू होती. आपल्या भाषेंत 'वेठीस धरणें' हा शब्दप्रयोग आहे, त्यांतील 'वेठ' ती हीच. म्हणजे 'रोबोट' याचा खरा मराठी तर्जुमा 'यंत्रमानव' नसून 'वेठ्या' किंवा 'वेठबिगारी' असा होईल! कारखाना ज्याच्या नांवानें ओळखला जातो त्याचें नांव रोसुम. तें चेक भाषेंतील 'रोझुम', म्हणजे बुद्धि, या शब्दावरून घडविलें आहे. बुद्धीनें वेठबिगार निर्माण केला, आणि वेठबिगारानें बंड करून मानवजात संपविली, एवढी सगळी गोष्ट त्या दोन नांवांतच सांठविलेली आहे. रोबोट एका माणसाला तेवढे जिवंत ठेवतात: बांधकाम करणारा अल्क्विस्ट. कां? तर तो स्वतःच्या हातांनीं काम करतो. पुढें हिटलरच्या राजवटींत योसेफ चापेकला छळछावणींत टाकण्यांत आलें, व १९४५ सालीं बेर्गेन-बेल्झेन येथील छावणींत त्याचा अंत झाला. वेठीचें नांव यंत्राला देणारा माणूस अखेरीस स्वतःच दास्यांत मेला.

एच्. जी. वेल्स याच्या 'कालयंत्र' (१८९५) या कादंबरींतील दोन जातींविषयींहि असेंच म्हणतां येईल. सन ८०२७०१ मध्यें पृथ्वीवर नाजूक, आळशी 'एलोई' राहतात व जमिनीखालीं अंधारांत 'मॉर्लॉक' यंत्रें चालवितात. रात्रीं मॉर्लॉक वर येतात आणि एलोईंना धरून नेऊन खातात. 'एलोई' हा शब्द ख्रिस्ती वाचकांच्या ओळखीचा आहे. वधस्तंभावरून उच्चारलेल्या त्या अरामी शब्दाचा अर्थ 'माझ्या देवा' असा होतो. 'मॉर्लॉक' ऐकतांच जुन्या करारांतील मोलख आठवतो, ज्याच्यापुढें मुलें अग्नींत अर्पण करीत. दुसरे कोणी खाणींतील केरमातीला असलेल्या 'मुलॉक' या इंग्रजी शब्दाकडे बोट दाखवितात, तर आणखी कोणी ॲड्रिॲटिक समुद्राकांठच्या डोंगरांतील 'मोर्लाक' नांवाच्या गुराखी लोकांकडे. मला स्वतःला मोलख पटतो, पण पूर्णपणें नव्हे. कारण वेल्सच्या कथेंत मॉर्लॉक हे पिढ्यान्‌पिढ्या तळघरांत कोंडलेल्या कामकऱ्यांचे वंशज आहेत. वेल्सची आई एका मोठ्या हवेलींत कारभारीण होती, आणि तेथील नोकरांचा वावर तळघरांतून व भुयारांतून चाले. आधीं कोणीं कोणाला गिळलें, हा प्रश्न तेथें उभा राहतोच.

यापुढच्या काळांतील कांहीं नांवांच्या मागें एवढें कांहीं नाहीं, पण त्यांच्याविषयीं दंतकथा मात्र भरपूर आहेत. इंग्लंडमधील दूरचित्रवाणीवर डिसेंबर १९६३ पासून 'डॉक्टर हू' या मालिकेंत 'डालेक' नांवाचे क्रूर जीव दिसूं लागले. त्यांचा जनक टेरी नेशन यानें पत्रकारांना सांगितलें कीं, ज्ञानकोशाच्या एका खंडाच्या पाठीवर 'डाल ते लेक' असें छापलेलें होतें, त्यावरून नांव सुचलें. पुढें त्यानेंच कबूल केलें कीं, ती थाप होती; शब्द सहज लेखणींतून उतरला. सर्बियन व क्रोएशियन भाषांत मात्र या शब्दाचा अर्थ 'दूरचा' असा होतो, आणि माणुसकीपासून फार दूर गेलेल्या त्या जीवांना तो शोभतोहि! १९६८ च्या '२००१' या चित्रपटांतील खुनी गणकयंत्र 'हाल'. त्याच्या तीन इंग्रजी अक्षरांपुढचीं अक्षरें घेतलीं कीं 'आय्-बी-एम्' या कंपनीचें नांव होतें, असा शोध चिकित्सकांनीं लावला. लेखक आर्थर क्लार्क हे जन्मभर सांगत राहिले कीं, हा निव्वळ योगायोग आहे. आणि डार्थ व्हेडर? पालकांपैकीं ज्यांनीं तो चित्रपट लहानपणीं पाहिला असेल त्यांना काळ्या मुखवट्यांतला तो श्वास अजून ऐकूं येत असेल. 'व्हेडर' हें डच भाषेंतील 'पिता' या अर्थाच्या शब्दासारखेंच लिहिलें जातें, आणि तो शब्द आपल्या संस्कृत 'पितृ'चा सख्खा नातेवाईक आहे. जॉर्ज ल्यूकस यांनीं २००५ सालीं सांगितलें कीं, आपल्या मनांत 'काळोखी पिता' असाच अर्थ होता. पण पहिल्या कच्च्या खर्ड्यांत हें नांव एका भलत्याच सेनापतीचें होतें. तो कोणाचा बाप नव्हता. पुष्कळदां नांव आधीं येतें व अर्थ मागाहून येऊन त्यांत राहूं लागतो.

आतां ज्यांची मला लाज वाटते त्या नांवांकडे येतों. जानेवारी १९३४ मध्यें अमेरिकेंतील वर्तमानपत्रांत 'फ्लॅश गॉर्डन' ही चित्रकथा सुरू झाली. तिच्यांतील परग्रहावरील निर्दय सम्राटाचें नांव मिंग. चिनी भाषेंत 'मिंग' म्हणजे तेजस्वी. तें अक्षर सूर्य आणि चंद्र यांचीं चिन्हें शेजारीं ठेवून लिहितात. १३६८ ते १६४४ पर्यंत चीनवर राज्य करणाऱ्या घराण्याचें तें नांव होतें. इतकें सुंदर नांव एका क्रूरकर्म्याला कां दिलें? तर तो चिनी वाटावा, एवढ्याचसाठीं. चिनी मजुरांना देशांत येऊं न देणारा अमेरिकेचा १८८२ सालचा कायदा तेव्हां चालूच होता. तो १९४३ पर्यंत उठला नाहीं. तेथें शाळेंत जाणाऱ्या चिनी मुलाला त्या काळीं कोणत्या नांवानें हांक मारीत असतील, याची कल्पना करावी.

फेब्रुवारी १९६७ मध्यें 'स्टार ट्रेक' या मालिकेंत खान नूनियन सिंग हा अतिमानव अवतरला. 'खान' ही तुर्क व मंगोल लोकांची राजपदवी, 'सिंग' म्हणजे आपला 'सिंह'. कथेंत तो उत्तर हिंदुस्थानांतला, बहुधा शीख, असें म्हटलें आहे. आणि त्याची भूमिका केली ती एका मेक्सिकन नटानें. मालिकेच्या निर्मात्यानें हें नांव युद्धकाळांतील एका जुन्या मित्राच्या नांवावरून घेतलें, तें वाचून तरी तो हरवलेला मित्र आपणांस शोधील या आशेनें, असें सांगितलें जातें. हेतु गोड होता. परंतु आमच्या शाळेंत दोन खान व एक सिंग शिकत आहेत. इतिहासाच्या तासाला अफझलखानाचें प्रकरण निघालें कीं वर्गांतील साऱ्या माना त्या दोघांकडे वळतात. त्यांतला एक तर इतका हसरा आहे कीं तोहि सर्वांबरोबर स्वतःकडे वळून पाहण्याचें सोंग करतो. दुसरा वहींत डोकें घालतो.

मला हें दिसतें त्याला कारण आहे. मी लहान होतों तेव्हां हिंदी चित्रपटांतील तस्कराच्या हाताखालचा माणूस हटकून रॉबर्ट, नाहींतर पीटर, नाहींतर मायकेल असे. आमच्या गल्लींतील मुलें खेळतांना ख्रिस्ती घरचा म्हणून ती भूमिका मलाच देत. माझें नांव त्यांपैकीं एकहि नव्हतें. पण 'रॉबर्ट' म्हणून हांक आली कीं मी ओ देत असें, कारण न दिल्यास खेळांतून बाहेर व्हावें लागे. दोन वर्षें मी रॉबर्ट होतों. आईला हें कळलें तेव्हां ती म्हणाली, "आम्हीं काय नांव ठेवायला विसरलों होतों?" तिच्या त्या प्रश्नाचा अर्थ मला मेरी शेलीचें पुस्तक पुन्हां वाचतांना या पावसाळ्यांत लागला.

त्या मुलाच्या कपाळावरचे टांके निघाले आहेत, वण राहिला आहे. त्याला मीं त्या 'का'चें उत्तर मधल्या सुट्टींत, पायरीवर बसून, वर सांगितलें तसेंच सांगितलें. त्यानें शाळेच्या ग्रंथालयांतून पुस्तकाची संक्षिप्त आवृत्ति नेली आणि मागच्या बांकावरच्या त्या दुसऱ्या मुलानेंहि त्याच्यामागून ती मागून घेतली. आतां वर्ग त्याला त्याच्या नांवानें हांक मारतो. हें माझ्या सांगण्यामुळें झालें, कीं सहामाही परीक्षेच्या गडबडींत मुलें विसरून गेलीं, हें मला ठरवितां येत नाहीं. संक्षिप्त आवृत्तीच्या मुखपृष्ठावर मात्र राक्षसाचें चित्र असून खालीं मोठ्या अक्षरांत 'फ्रँकेनस्टाइन' असें छापलें आहे, आणि त्याच्याखालीं कोणीतरी शिसपेन्सिलीनें बारीक अक्षरांत लिहिलें आहे, 'याचे वडील'.